नफ्यापासून तोडलेला कामगार

ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा 90 तासांचा आग्रह गाजला. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही ते विचारून बसले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. तिन्ही वेळा वाद तासांवरच झाला. एकीकडे राष्ट्रउभारणी, दुसरीकडे मनःस्वास्थ्य, आणि मधल्या जागेत विनोदांचा पाऊस. त्या तासांत जे मूल्य तयार होतं त्यातलं कामगाराच्या हाती किती पडतं, हे विचारायला मात्र कुणाला सवड झाली नाही. तास मोजता येतात, घड्याळ प्रत्येकाकडे असतं. वाटा मोजायला ताळेबंद उघडावा लागतो.

मी बाजू आधीच सांगून टाकतो. भारतातल्या संघटित उद्योगात श्रमाचा वाटा घसरला आहे, आणि त्याचा सगळा दोष यंत्रांवर किंवा जागतिक स्पर्धेवर ढकलता येत नाही. मोठा भाग आपण घडवलेल्या एका व्यवस्थेचा आहे. जिथे नफा होतो त्या कंपनीत कामगार राबतो, पण कागदोपत्री तो तिचा नसतोच. ज्याच्या नावावर तो आहे त्या ठेकेदाराकडे वाटण्यासारखा नफा नसतो. वाटा मागायचा तरी कोणाकडे?

आकडे काय सांगतात ते पाहू. कच्चा माल, वीज, इंधन आणि घसारा (यंत्रांची झीज) वजा केल्यावर कारखान्यात जे नवं मूल्य उरतं, त्यातून मजुरी, पगार, व्याज, भाडं आणि नफा निघतो. वार्षिक औद्योगिक सर्वेक्षणानुसार 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या निव्वळ मूल्यवर्धनात कामगारांच्या मजुरीचा वाटा सुमारे 30 टक्के होता. 2007-08 च्या सुमारास तो 10 टक्क्यांच्या आसपास आला. नंतर किंचित सावरला, पण जुन्या पातळीच्या जवळपासही फिरकला नाही. यात साहेब लोकांचे पगार धरलेले नाहीत. ते धरले तर चित्र थोडं बरं दिसतं, आणि इथेच पहिली फसगत होते. ‘श्रमाचा वाटा’ म्हणून जो एकत्रित आकडा सांगितला जातो त्यात मशीनवर उभा राहणारा आणि कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी एकाच रकान्यात बसतात. दुसऱ्याचा पगार दहापट झाला तरी श्रमाचा वाटा वाढल्याची नोंद होते.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत. पहिला मोजणीचा. भारतात पगारदार आहेतच किती? 2023-24 च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार कामकऱ्यांपैकी 58 टक्के स्वयंरोजगारात, 20 टक्क्यांच्या आसपास रोजंदारीवर आणि नियमित पगारावर जेमतेम 22 टक्के. इचलकरंजीत चार मागांचा मालक स्वतःच माग चालवतो, तेव्हा त्याची मिळकत मजुरी की नफा? राष्ट्रीय हिशेबात तिला ‘मिश्र उत्पन्न’ म्हणतात आणि पुढे जातात. डग्लस गॉलिन या अर्थशास्त्रज्ञाने 2002 मध्ये दाखवून दिलं की गरीब देशांत श्रमाचा वाटा कमी दिसतो तो बराचसा या गोंधळामुळे. स्वयंरोजगाराची मिळकत नीट विभागली तर बहुतेक देशांत तो 65 ते 80 टक्क्यांच्या पट्ट्यात येतो. हे मला मान्य आहे. म्हणूनच संपूर्ण देशाचा एक आकडा फेकून ‘भांडवलदारांनी लुटलं’ असं ओरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण नोंदणीकृत कारखान्यात हा गोंधळ नसतो. तिथे मजुरी मजुरीच्या रकान्यात असते आणि नफा नफ्याच्या, आणि घसरण नेमकी तिथेच दिसते.

दुसरा मुद्दा उद्योगांच्या बदललेल्या मिश्रणाचा. कापड गिरणीच्या जागी तेलशुद्धीकरण आलं, रसायनं आली, वाहनउद्योगात रोबो आले. जामनगरसारख्या रिफायनरीत मूल्य प्रचंड आणि माणसं मोजकी. अशा उद्योगांचं वजन वाढलं की कुणाचाही पगार न कापता वाटा खाली येतो. हेही खरं. परंतु याने सगळी घसरण समजत नाही. एकाच कारखान्याच्या एकाच लाइनवर शेजारी उभे असलेले दोघे, एक पर्मनंट आणि एक कंत्राटी, तेच नट आवळतात आणि महिनाअखेरीस त्यांच्या हाती पडणाऱ्या रकमेत दुपटीतिपटीचा फरक असतो. त्या दोघांत कोणतं तंत्रज्ञान आडवं आलं?

तिसरा मुद्दा सर्वांत भारी. तो 1954 मध्ये अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुइस यांनी मांडला आणि विकसनशील देशांच्या धोरणांवर त्याची छाप आजही आहे. शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेली असतात. कारखान्यांना ती कमी मजुरीत मिळत राहतात. मजुरी कमी म्हणून नफा जास्त, नफा जास्त म्हणून गुंतवणूक जास्त, गुंतवणुकीतून आणखी कारखाने; आणि शेतीतली जादा माणसं संपली की मजुरी आपोआप चढते. म्हणजे सुरुवातीला श्रमाचा वाटा घसरणं हा आजार नसून वाढीचा टप्पा. आपल्याकडे 2023-24 मध्येही 46 टक्के कामकरी शेतीत होते आणि शेतीचं उत्पन्न एकूणाच्या पाचव्या हिश्शाहून कमी. मग लुइसचा टप्पा आपल्याला चुकणार कसा? ‘आधी भाकरी मोठी होऊ द्या, मग वाटू’ म्हणणारे बहुतेक जण नकळत लुइसचंच बोलत असतात.

पण लुइसच्या मांडणीत एक अट आहे आणि ती सोयीस्करपणे गाळली जाते. नफ्याला मोकळीक द्यायची ती तो पुन्हा उत्पादनात घातला जाईल म्हणून. कामगाराने आज कमी घ्यायचं, मालकाने उरलेलं गुंतवायचं, असा हा सौदा आहे. यातला कामगाराचा भाग पुरा झाला. मालकाचा झाला का? सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कराचा मूळ दर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला गेला, नव्या कारखान्यांसाठी 15 वर. त्यानंतरच्या चार वर्षांचा हिशेब सरकारच्याच 2023-24 च्या आर्थिक पाहणीत आहे. 2018-19 ते 2022-23 मध्ये खासगी क्षेत्राची यंत्रसामग्री आणि बौद्धिक संपदा यांतली गुंतवणूक चालू किमतींत एकूण 35 टक्के वाढली; इमारती आणि बांधकामांतली 105 टक्के. पाहणीने हे मिश्रण निरोगी नसल्याचं म्हटलं. पुढच्या वर्षीच्या पाहणीत आणखी एक जोडी आहे. निफ्टी 500 या शेअर बाजार निर्देशांकातल्या 500 मोठ्या कंपन्यांचा नफा 2002-03 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2.1 टक्के होता, 2023-24 मध्ये 4.8 टक्के झाला. त्या वर्षात नफा 22.3 टक्के वाढला आणि रोजगार 1.5 टक्के. पगारदार पुरुषाची महागाई वजा करून उरणारी महिन्याची कमाई 2017-18 मध्ये 12,665 रुपये होती, ती 2023-24 मध्ये 11,858 झाली. हे आकडे कुठल्या लाल बावट्याच्या पत्रकातले नाहीत. मुख्य आर्थिक सल्लागारांच्या कार्यालयातून आलेले आहेत.

इंग्लंडचा दाखला इथे दिला जातो, तर तोही घेऊ. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांच्या हिशेबानुसार 1780 ते 1840 या साठ वर्षांत तिथे दर कामगारामागचं उत्पादन 46 टक्के वाढलं आणि खरी मजुरी केवळ 12 टक्के. नंतर मजुरीने वेग घेतला. म्हणजे थांबलं की मिळतं? साठ वर्षांत गिरणी कामगाराच्या दोन पिढ्या मातीआड झाल्या, हे बाजूला ठेवू. पण ॲलन यांचं स्वतःचं स्पष्टीकरण पाहा: त्या काळातला नफा भांडवल उभारण्यात गेला आणि भांडवल पुरेसं साठल्यावर मजुरी वाढली. तिथेही अट तीच. नफा जमिनीत आणि टॉवरमध्ये जात असेल तर थांबण्याचा शेवट कुठे होणार?

मुंबईत हा प्रयोग होऊन गेला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, आणि तेव्हापासून ‘जास्त मागितलं म्हणून गिरण्या बुडाल्या’ हे वाक्य प्रत्येक वेतनवाढीच्या चर्चेत येतं. संपाने कामगारांची राखरांगोळी झाली, यात वाद नाही. सामंतांनी परतीचा रस्ता ठेवला नाही हा आरोपही मला पटतो. पण बहुतेक गिरण्यांत माग आणि चात्या जुनाट झाल्या होत्या, ते काही संपाच्या महिन्यांत घडलं नव्हतं. चांगल्या वर्षांतला नफा यंत्रांत गेला नव्हता. कापड भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकू लागलं होतं, जिथे पाळी बारा तासांची आणि हिशेब मीटरवर. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि 2001 मध्ये तिच्यात झालेल्या बदलाने गिरण्यांच्या जमिनीचं सोनं झालं. कामगाराचा वाटा शून्यावर आल्यावर तिथे उभे राहिले ते मॉल आणि उंच इमारती. कमी मजुरीतून गुंतवणूक आपोआप होत असती, तर परळ-लालबागमध्ये आज हिंदुस्थानातल्या सर्वांत आधुनिक सूतगिरण्या दिसायला हव्या होत्या.

त्या संपाची ठिणगी 1981 च्या दिवाळीतल्या बोनसवरून पडली होती, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. आणि बोनस हीच भारतातली वाट्याच्या प्रश्नाची खरी कहाणी आहे. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पिढीची लढाई तासांची होती. 1884 च्या अर्जात त्यांच्या मागण्या आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार अशा होत्या, आणि 1890 मध्ये रविवारची सुटी मिळाली. (बायकोकडे बघायला रविवार मिळतो तो कसा मिळाला, हे मोठ्या कंपन्यांच्या अध्यक्षांना सांगायला हरकत नाही.) पुढे मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे असताना 1946 मध्ये आठवड्याचे 54 तास 48 वर आले. वाट्याचा प्रश्न याला समांतर, पण वेगळ्या वाटेने चालला होता. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ पैसा केला आणि 1917 पासून कामगारांना बोनस दिला. 1923 मध्ये मंदीचं कारण सांगून तो बंद केला. 1924 च्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला की बोनसवर कामगाराचा कायद्याने, रूढीने किंवा न्यायबुद्धीने कसलाही हक्क नाही. मालकाची खुशी, एवढंच.

तिथून 26 वर्षांत केवढी मजल मारली गेली ते पाहण्यासारखं आहे. 1950 मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणापुढे पुन्हा मुंबईचाच खटला आला: एका बाजूला गिरणीमालक संघ, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय मिल मजदूर संघ. न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिलं. एकूण नफ्यातून आधी घसारा काढा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद काढा, कर काढा, भागभांडवलावर 6 टक्के परतावा आणि खेळत्या भांडवलावर त्याहून कमी परतावा काढा. उरेल तो ‘उपलब्ध अधिशेष’, आणि त्यात कामगाराचा हक्काचा हिस्सा. क्रम बघा. मालकाला गुंतवणुकीसाठी लागणारा पैसा आधी बाजूला ठेवला आहे, म्हणजे लुइसची अट लुइसच्या चार वर्षं आधी मुंबईच्या एका खटल्यात पाळली गेली होती. 1965 च्या बोनस कायद्याने त्याला वैधानिक चौकट दिली: उपलब्ध अधिशेषाचे सर्वसाधारणपणे 60 टक्के कामगारांना, किमान बोनस तेव्हा पगाराच्या 4 टक्के, पुढे 8.33, आणि कमाल 20. सूत्रात खाचाखोचा होत्या, ताळेबंदात लपवाछपवी होती, भांडणं तर दर दिवाळीला होती. तरी एक गोष्ट पक्की झाली होती. नफा किती झाला, तो कशासाठी राखून ठेवायचा आणि उरला त्यात कोणाचं किती, हे कामगार मालकाला तोंडावर विचारू शकत होता.

हा प्रश्नच कंत्राटी पद्धतीने पुसून टाकला. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा नावाने ‘नियमन व निर्मूलन’ करणारा होता. 1996 मध्ये एअर इंडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एखाद्या कामात कंत्राट बंद केलं तर तिथले कामगार मूळ मालकाचे होतात. 2001 मध्ये सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात घटनापीठाने ते फिरवलं. आपोआप कुणी कायम होणार नाही. त्या सुमारास कारखान्यांत कंत्राटी कामगार पाचातला एक होता. 2023-24 च्या औद्योगिक सर्वेक्षणात तो शंभरातले 42 झाला आहे. सगळं श्रेय एका निकालाला देणं चुकीचं ठरेल, पण दार कुठून उघडलं ते स्पष्ट आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीच्या फाटकावर पाळी सुटताना उभं राहा. गणवेश एकच, ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची. 240 दिवस भरले की सलग नोकरीचे हक्क लागू होतात, म्हणून ते भरायच्या आत ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तोच माणूस त्याच मशीनवर. बोनस मिळालाच तर किमान 8.33 टक्के, कारण हिशेब ठेकेदाराच्या वहीवरून होतो आणि त्याच्या वहीत फक्त कमिशन असतं. कंपनीने विक्रमी नफा जाहीर केला तरी या माणसाला तो पेपरात वाचायला मिळतो.

यावर उद्योजक म्हणतात, लवचिकता हवी; ऑर्डर कमीजास्त होते, माणसं कायमची गळ्यात कशी घेणार? मागणी रास्त आहे. पण लवचिकता कामाच्या मुदतीत हवी की मजुरीच्या दरात? हंगामापुरता माणूस घ्या, काम संपलं की सोडा, पण तो असेल तितके दिवस त्याच कामाचं तेच दाम द्या. असुरक्षित नोकरीला बाजारात खरं तर जास्त दर मिळायला हवा. आपल्याकडे तो अर्धा मिळतो, यावरून कंत्राटाचा हेतू लवचिकता किती आणि स्वस्ताई किती, ते ओळखावं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत ठरावीक मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच लाभ आणि वर्षभरात ग्रॅच्युइटी आहे. हे पाऊल चांगलंच म्हणावं लागेल. मुख्य कामात कंत्राटाला बंदीही आहे. मात्र जे काम साधारणपणे ठेकेदारामार्फतच करून घेतलं जातं, त्याला अपवाद. वीस वर्षं नियम मोडत आलात तर तो मोडणं हाच साधारण प्रघात ठरतो!

वेतन चढवलं की उद्योग पळतो, याचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण सिंगापूरचं आहे. 1979 पासून तिथल्या सरकारने तीन वर्षं जाणूनबुजून मजुरी भराभर वाढवली, उद्योगांनी स्वस्त श्रम सोडून वरच्या दर्जाला जावं म्हणून. 1985 मध्ये मंदी आली, आणि 1986 मध्ये मालकांचा भविष्यनिधीचा हप्ता 25 टक्क्यांवरून 10 वर आणावा लागला. घाई महागात पडते. पण त्यांनी मालक-कामगार-सरकार यांची 1972 पासून चालत आलेली वेतन परिषद मोडली नाही. चूक तिथेच दुरुस्त केली. दक्षिण कोरियात 1987 च्या उन्हाळ्यात हजारो कारखान्यांत संप झाले, पुढच्या काही वर्षांत मजुरी झपाट्याने चढली, आणि तेव्हाही उद्योगांचा अंत झाल्याची भाकितं झाली होती. ह्युंदाई आणि सॅमसंग त्यानंतर कुठे पोहोचल्या ते सांगायला नको. कोरियाने जमीनसुधारणा आणि शिक्षण आधीच उरकलं होतं, म्हणून ते उदाहरण इथे जसंच्या तसं चिकटवता येत नाही. आपल्याकडे तर किमान वेतनाची राष्ट्रीय पातळी 2017 मध्ये रोज 176 रुपये ठरली. 2019 मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीने 375 सुचवले, तर सरकारने वाढ केली दोन रुपयांची. इतक्या तळाशी बसून ‘वेतन चढवलं तर उद्योग पळेल’ ही भीती घालणं जरा अतीच आहे.

मग करायचं काय? कंत्राट पूर्ण बंद करा, ही घोषणा मला पोकळ वाटते. ती 1970 च्या कायद्याच्या नावातच होती. त्यापेक्षा 1950 चं सूत्र ठेकेदाराला ओलांडून पुढे न्यावं. ज्या कारखान्यात काम केलं, त्या कारखान्याच्या अधिशेषावर तिथे राबलेल्या प्रत्येकाचा बोनस मोजावा, हजेरीपुस्तक कोणाचंही असो. आणि शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबी या बाजार नियामकाच्या नियमानुसार कायम आणि इतर कामगारांची संख्या दरवर्षी सांगावीच लागते. त्याच तक्त्यात दोघांना मिळालेली एकूण रक्कम आणि कंपनीचं मूल्यवर्धन अशी आणखी दोन घरं वाढवावीत. यात कारखाना बंद पडण्याजोगं काही नाही. नफा झाला नाही तर वाटायचं काही नसेल, हे सूत्रातच आहे.

विरोध मालकांकडून होईल हे गृहीत आहे. दुसरा विरोध कायम कामगारांच्या युनियनमधून येईल, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुजबुजीखेरीज बोललं जात नाही. तीन वर्षांच्या वेतनकरारात उत्पादनवाढ कबूल करायची, ती कंत्राटी पोरांकडून भरून घ्यायची आणि वाढ कायम कामगारांत वाटून घ्यायची, हे कित्येक कारखान्यांत सर्रास चालतं. अधिशेष सगळ्यांत वाटला गेला तर पर्मनंटच्या दिवाळीला थोडी कात्री लागेल. युनियनच्या सभासदयादीत कंत्राटी नावं घ्यायला किती पदाधिकारी तयार आहेत, हे पुढच्या करारापूर्वीच्या सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून विचारायला हवं.